सईदी काठी

बेली डान्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कंबर येते; मला आधी काठी दिसते. ही काठी वरच्या इजिप्तची, कैरोच्या दक्षिणेला नाईलकाठी पसरलेल्या सईद भागातली. तिथले पुरुष लग्नकार्यात ‘तहतीब’ खेळतात. दोघे समोरासमोर, हातात लांब लाठी, बाजूला मिझमार या सनईसारख्या वाद्याचा सणसणीत सूर आणि ढोल. मूळची ही लढाईची विद्या. आता वार लागू न देता नुसता दाखवायचा. २०१६ साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बायकांनी तीच लाठी हलकी, वाकड्या मुठीची केली आणि त्या मर्दानी रुबाबाला जरा चिडवलं. १९५९मध्ये नर्तक महमूद रेदा यांनी कैरोत नृत्यसंस्था काढली, गावाकडचे असे नाच रंगमंचावर आणले. फरीदा फहमी त्यांची प्रमुख नर्तिका.

शिकवताना मी पहिल्यांदा पकड सोडवते. मूठ आवळली की काठी मेलीच. टोकाजवळ बोटांत सैल धरायची, मनगट फिरवायचं, कोपर शांत ठेवायचं. सईदी तालात मधे दोन ‘दुम’, म्हणजे ढोलाचे जड ठोके, लागोपाठ येतात; फिरती काठी तिथे थांबली पाहिजे, खांद्यावर किंवा कमरेशी. नुसती गरगर फिरवणाऱ्या नर्तिका मला आवडत नाहीत. काठी डोक्यावर आडवी तोलून खाली कंबर थरथरवायची आणि वर काठी हलू द्यायची नाही, यात खरा कस लागतो. मान सरळ, नजर समोर, आणि चेहऱ्यावर सईदच्या बाईचा तोरा हवाच.