छत्राची चूल

कावेरीच्या काठी तंजावर येथे व्यंकोजीराजांच्या वंशजांनी राज्य केले. त्यांची आठवण आपण बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयामुळे काढतो. परंतु या घराण्याचे दुसरेही एक कार्य ग्रंथांइतकेच मोलाचे आहे. रामेश्वराच्या यात्रामार्गावर त्यांनी ठिकठिकाणी छत्रे उभारली. छत्र म्हणजे अन्नदानाची सोय असलेली धर्मशाळा.

१७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या हातून राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. त्यानंतर १८०१ साली त्यांनी रेसिडेंट टोरिन यांस छत्रांसंबंधी सविस्तर पत्र लिहिले. छत्रांच्या खर्चास धक्का लागू नये, ही त्यांची विनवणी होती.

त्या पत्रातील वर्णन आजही वाचण्याजोगे आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या जातींपर्यंत सर्व वाटसरूंस तेथे अन्न मिळे. शिजविलेला भात ज्यांस चालत नसे, त्यांस कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, असा पुकारा होई. पोरक्या मुलांस पंतोजींच्या हवाली करून त्रिवार जेवण देत. आजाऱ्यास औषधाबरोबर त्याच्या प्रकृतीस मानवेल असे पथ्याचे अन्न आणि तान्ह्या मुलांस दूध मिळे. चूल, शाळा आणि वैद्य ही तिन्ही एकाच व्यवस्थेत होती. १८०२ साली ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ सरफोजींनी बांधलेले छत्र याच परंपरेतले.

ही व्यवस्था टिकली ती केवळ दयाबुद्धीवर नव्हे. छत्रांना जमिनी लावून दिलेल्या होत्या व त्यांच्या उत्पन्नावर चूल पेटत असे. म्हणूनच सरफोजींचे बोट नेमके खर्चाच्या बाबीवर होते.

पुढे शंभरावर वर्षांनी मद्रास शहरात याचाच पडताळा आला. सर पिट्टी त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, १९२० साली, तेथील महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांस जेवण देण्यास मंजुरी दिली. दर मुलामागे रोजचा खर्च एक आण्याहून अधिक नसावा, असे ठरले. हा खर्च प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून करण्यास सरकारने हरकत घेतली, आणि १९२५ साली ती पंगत उठली. भूक तीच होती, मुलेही तीच होती. खर्चाचा आधार तेवढा गेला होता. योजना पुन्हा उभी राहिली. कामराज यांच्या कारकिर्दीत, १९५६ पासून, शाळेतील मध्यान्ह भोजन राज्यभर पसरले आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्यास पौष्टिक आहार योजनेचे व्यापक रूप दिले.

रुग्णालये, वसतिगृहे आणि शाळा यांच्या स्वयंपाकघरांत सकस अन्न शिजावे, इंधनाची व धान्याची नासाडी टळावी, असे आज आपण म्हणतो. ते योग्यच आहे. परंतु सरकारी कामाच्या अनुभवाने एवढे सांगता येते की, भाजी, डाळ आणि दूध यांची काटछाट आधी अंदाजपत्रकात होते, ताटात ती मागाहून दिसते. सरफोजीराजांनी पत्र लिहिले ते या पहिल्या जागी.