कार्बॉलिक, चुना आणि उंदीर

बदलीच्या गावी नवे बिऱ्हाड थाटावयाचे म्हणजे प्रथम भिंतींना चुना मारवून घ्यावयाचा, फरशी फिनेलच्या पाण्याने धुववून घ्यावयाची, आणि त्याचा उग्र दर्प नाकात शिरला की घर शुद्ध झाले असे मानून ट्रंका आत घ्यावयाच्या, हा आपणां नोकरदारांचा जुना शिरस्ता आहे. या दर्पावरील विश्वासाची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत १८९६ साली झाली. तीत कार्बॉलिक नापास झाले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींनी गजबजलेली वस्ती. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे यर्सिन या शास्त्रज्ञास सापडला होता. परंतु तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचा उलगडा झालेला नव्हता. रोग घाणीत, दमट जमिनीत आणि कोंदट हवेत वास करतो, हे त्या काळच्या बहुतेक वैद्यकवेत्त्यांचे मत. मग त्या मताला साजेशी सफाई सुरू झाली. गटारांतून समुद्राचे पाणी सोडण्यात आले, घराघरांत कार्बॉलिकचे फवारे उडाले, भिंतींवर चुन्याचे हात फिरले. मातीच्या जमिनी खणून काढण्यात आल्या, कौले उतरवून माजघरात ऊन घेण्यात आले, अंथरुणे-पांघरुणे जाळण्यात आली. पालिकेचे आयुक्त स्नो यांनी या मोहिमेचा विस्तृत अहवाल १८९७ साली लिहिला. ज्यांचे आयुष्य अहवाल लिहिण्यात गेले त्यांना निराळे सांगावयास नको की, अहवालात केलेले काम मोजता येते. त्या कामाचा रोगाशी संबंध होता की नाही, हे मोजणारा रकाना बहुधा नसतो.

ही माणसे आळशी किंवा मूर्ख होती असे आम्ही म्हणत नाही. दिसेल ती घाण त्यांनी खरोखर काढली. पण रोगाचे घर त्या घाणीत नव्हते. ते होते छपराच्या वाशांत, भिंतींच्या पोकळीत आणि धान्याच्या पोत्यांमागे राहणाऱ्या काळ्या उंदराच्या अंगावर. उंदीर मेला की त्याचे कलेवर थंड पडते आणि त्यावरील पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात. जवळ उंदीर न मिळाल्यास माणूस. अशा घरात पाण्याचा लोट सोडला, भिंती ठोकल्या, जमीन उकरली, तर जिवंत उंदीर शेजारच्या चाळीत जाणार. मेलेला उंदीर शेपटीस धरून गल्लीत भिरकावणे, ही तर घरोघरची सफाई. तीत हात त्या पिसवांच्या अगदी जवळ जात असे.

या चुकीची किंमत केवळ कार्बॉलिकच्या पिंपांत मोजून भागत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, कशाचाही विधिनिषेध राहिला नाही. सामान रस्त्यावर आले, कपडे जळाले. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबाराची हकीकत प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. ज्या शुद्धीसाठी हा सारा जाच झाला, तिने प्लेग थांबला नाही, ही गोष्ट मात्र त्या हकीकतीत सहसा सांगितली जात नाही.

उंदरांचा संबंध कोणाच्या ध्यानातच आला नव्हता असेही नाही. दारुड्याप्रमाणे झोकांड्या खाणारा उंदीर, त्याला धरणारे मांजर आणि मागोमाग घरात पसरलेला रोग, ही हकीकत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवली आहे. गढवाल-कुमाऊंकडील डोंगरी लोक तर घरात उंदीर पडू लागताच गाव सोडून रानात राहावयास जात. त्यांच्या या रीतीत घर धुणे नव्हते, घर सोडणे होते. आणि पिसवांच्या दृष्टीने तेच योग्य होते.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून पिसवेकडे बोट दाखविले. त्याच सुमारास नेमलेल्या प्लेग कमिशनने त्याच्या म्हणण्याची फारशी किंमत केली नाही. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून नव्याने तपास झाला, तेव्हा मात्र प्रश्न निकालात निघाला. प्लेगच्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातील प्राणी रोगाने मेले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेलेही सुटले नाहीत. दोन फुटांवर टांगलेले मात्र वाचले, कारण पिसू तेवढी उंच उडू शकत नाही. त्याच तपासात आणखी एक गोष्ट आढळली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम जंतू पसरले, तर त्यांची बाधा करण्याची शक्ती अठ्ठेचाळीस तासांपलीकडे टिकत नाही, आणि चुन्याच्या जमिनीवर तर चोवीस तासांतच संपते. म्हणजे ज्या मातीच्या जमिनी मुंबईत कुदळींनी उकरल्या, त्या दोन दिवस नुसत्या तशाच राहू दिल्या असत्या तरी चालले असते.