प्रौढ उभयचरांच्या मेंदूतील नवपेशीनिर्मिती : एका सिद्धांताचा इतिहास

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर, भीमेच्या काठी, कोरेगाव भीमा हे गाव आहे. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की या परिसरातील डबकी बेडकांच्या आवाजाने भरून जातात. मीलनकाळी अंगावर पिवळा रंग चढलेला मोठा बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, पुणे जिल्ह्यातील अशा पाणथळ जागी आढळतो. आपल्या महाविद्यालयांतील अनेक पिढ्यांनी याच प्राण्याचा राना टायग्रिना या जुन्या नावाने विच्छेदनाच्या तबकात अभ्यास केला. त्याच्या मस्तिष्कमज्जा मोकळ्या केल्या आणि मेंदूचे भाग ओळखले. मात्र प्रौढ बेडकाच्या मेंदूत नव्या पेशी निर्माण होतात काय, हा प्रश्न तबकातील मृत मेंदूवरून सुचण्याजोगा नव्हता. शास्त्रालाही तो नीट विचारण्यास फार काळ लागला. त्या विलंबाची कारणे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उभयचरांच्या पुनर्जननशक्तीची वार्ता जुनीच आहे. १७६८ मध्ये इटलीतील स्पालान्झानी यांनी सॅलॅमँडरचे तोडलेले पाय व शेपटी पुन्हा उगवतात असे दाखविले. अशा नव्या शेपटीत मज्जारज्जूही असतो. असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी अगदी उलट मत दृढ झाले. स्पेनचे थोर ऊतकशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या आपल्या ग्रंथात प्रौढ मज्जाकेंद्रांतील रचना स्थिर व अपरिवर्तनीय असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा पुरावा मुख्यतः सस्तन प्राण्यांवरील प्रयोगांचा होता. पण शिष्यपरंपरेने त्याला सर्व पृष्ठवंशीयांच्या नियमाचे रूप दिले. हा नियम निराधार होता असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्ण वाढलेली मज्जापेशी विभाजित होत नाही, हे खरेच आहे. शिवाय त्या काळच्या रंजनपद्धतीने पेशीचा आकार दिसे, जन्मकाळ दिसत नसे. विभाजन पावणारी एखादी पेशी सूक्ष्मदर्शकात सापडली, तरी तिची संतती पुढे मज्जापेशी झाली की आधारपेशी, हे सांगण्याचे साधन नव्हते.

१९४० नंतरच्या दशकात रॉजर स्पेरी यांनी न्यूट व बेडूक यांची दृष्टिमज्जा तोडून डोळा १८० अंशांनी फिरविला. मज्जा पुन्हा जुळली. परंतु प्राण्याला जग उलटेच दिसत राहिले, कारण प्रत्येक तंतू आपल्या मूळच्या स्थानीच जाऊन पोहोचला होता. येथे दोन गोष्टींत गल्लत होऊ देता कामा नये. तुटलेला तंतू वाढणे ही जुन्या पेशीची क्रिया होय. नव्या पेशीचा जन्म ही निराळी घटना आहे. स्पेरी यांच्या प्रयोगांनी पहिली गोष्ट सिद्ध झाली; दुसरीचे उत्तर मिळावयाचे राहिले.

ते मिळविण्याचे साधन १९५७ मध्ये हाती आले. पेशी विभाजनापूर्वी आपल्या डीएनएची प्रत तयार करते, तेव्हा थायमिडीन हा घटक वापरते. त्याला ट्रिटियमची किरणोत्सर्गी खूण जोडली, तर त्या वेळी जन्मलेल्या पेशी पुढेही छायाचित्रण-द्रवात उमटलेल्या काळ्या ठिपक्यांनी ओळखू येतात. पेशीच्या जन्माची जणू नोंदच ठेवता येऊ लागली. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ मध्ये, व गोपाल दास यांच्यासह १९६५ मध्ये, या पद्धतीने प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी दाखविल्या. त्यांच्या निष्कर्षांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. उभयचरांत स्ट्राझ्निकी व गेझ यांनी १९७१-७२ मध्ये झेनोपस बेडकाचे दृष्टिपटल आणि मेंदूतील दृष्टिपाली यांच्या वाढीचा क्रम याच खुणेने उलगडला. १९८१ मध्ये रिश्टर व क्रान्झ यांनी ॲक्सोलॉटलच्या अग्रमस्तिष्कातील पेशीविभाजन तपासले. १९९३ मध्ये पोलेनोव्ह व चेत्वेरुखिन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची जोड देऊन प्रौढ राना टेम्पोरारिया बेडकाच्या अधश्चेतकातही नव्या मज्जापेशी जन्मतात हे दाखविले. या पेशींचा उगम मस्तिष्कगुहांच्या भिंतीलगतच्या थरात होतो.

मग हा पुरावा सर्वमान्य सिद्धांताला धक्का का देऊ शकला नाही? उत्तर प्रयोगशाळेत नसून विचारपद्धतीत आहे. उभयचर जन्मभर वाढतात, ते ‘खालच्या’ पायरीवरचे प्राणी आहेत, असे म्हटले की त्यांचा पुरावा अपवाद ठरे. १९८३ मध्ये गोल्डमन व नोटेबोम यांनी प्रौढ कॅनरी पक्ष्यात आणि १९९८ मध्ये एरिकसन व सहकाऱ्यांनी मानवी मेंदूत नव्या पेशी दाखविल्यानंतरच ही शिडी डळमळली. मानवाविषयीचा वाद २०१८ मध्ये पुन्हा उफाळला. उभयचरांविषयी मात्र तसा वाद उरलेला नाही. अर्थात पेशी जन्मणे म्हणजे जखम भरून येणे नव्हे. न्यूटमध्ये नष्ट केलेल्या डोपामीन-पेशी पुन्हा निर्माण होतात, हे २००७ मध्ये दिसून आले. झेनोपसमध्ये रूपांतरणानंतर अग्रमस्तिष्काचे पुनर्जनन होत नाही, पेशीविभाजन मात्र चालू राहते.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. अवटु ग्रंथीचा अंश खाऊ घातल्यास भैकेराचे, म्हणजे बेडूकमाशाचे, रूपांतर लवकर होते, हे गुडरनाच यांनी १९१२ मध्ये दाखविले होते. २००५ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांच्या गटाने याच ग्रंथीचे संप्रेरक प्रौढ उंदरांच्या मेंदूतील नव्या पेशींच्या टिकण्यावर व मज्जापेशी होण्यावर नियंत्रण ठेवते असे दाखविले. ‘खालच्या’ व ‘वरच्या’ प्राण्यांमधील भिंत किती पातळ आहे, हे यावरून ध्यानी यावे.

अमेरिकेतील सॅलॅमँडरच्या मेंदूत पेशीविभाजन ऋतुमानाप्रमाणे बदलते, असे २००० मध्ये आढळले. हिरव्या वृक्षमंडूकात ते स्वजातीयांचे मीलनघोष ऐकल्याने वाढते, असेही पुढे दिसून आले. म्हणजे भीमेकाठचा पावसाळी कोलाहल हा केवळ आवाज नसून मेंदूच्या घडणीशी निगडित असू शकणारी घटना होय. पुण्यात पाध्ये व घाटे यांनी मायक्रोहायला ऑर्नाटा या इवल्या बेडकाच्या भैकेरांवर पाण्याची आम्लता व क्षार यांचे परिणाम तपासून स्थानिक प्राणी प्रयोगास किती योग्य आहे हे दाखवून दिलेच आहे. जे साधन दाखवू शकत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानण्याची चूक आपल्या पूर्वसूरींकडून घडली. ती टाळावयाची, तर अभ्यासकाने तबकातील बेडकाबरोबर डबक्यातील बेडकाकडेही पाहावयास हवे.