रोजनिशीतले सत्य आणि छापील शब्द

विचारवंताचा न्याय त्याच्या मनातल्या मतांवरून करायचा की त्याने लोकांच्या हाती दिलेल्या शब्दांवरून? युद्धकाळातील जपानचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला टाळता येत नाही.

तिथे १९२५ च्या शांतता-रक्षण कायद्याने डाव्या चळवळींचा गळा आवळला. १९३३ मध्ये कामगारांवर लिहिणारा कादंबरीकार कोबायाशी ताकिजी पोलिसांच्या मारहाणीत मेला. १९४२ मध्ये सरकारच्या आश्रयाने साहित्यिकांची 'देशभक्त' संघटना निघाली आणि बहुतेक नामवंत तीत सामील झाले.

कियोसावा कियोशी हा उदारमतवादी पत्रकार. १९४१ मध्ये सरकारच्या माहिती खात्याने मासिकांना दिलेल्या नकोशा लेखकांच्या यादीत त्याचे नाव होते. १९४२ च्या डिसेंबरपासून तो रोजनिशी लिहू लागला. पुढे या युद्धाचा खरा इतिहास लिहिता यावा, हा त्याचा हेतू. मे १९४५ मध्ये, शरणागतीच्या तीन महिने आधी, तो वारला. ज्याची लेखणी काढून घेतली गेली त्याला मी दोष देत नाही. कादंबरीकार नागाई काफू यानेही लष्करशाहीचा तिटकारा रोजनिशीतच ठेवला. तो सधन घरातला. गप्प बसणे त्याला परवडले. मौनालाही पदरी पैसा लागतो, हे विसरू नये.

कवी ताकामुरा कोतारोचे उलट. या संघटनेच्या काव्यविभागाचा तो प्रमुख. त्याने युद्धाची स्तोत्रे लिहिली ती मनापासून. तो ढोंगी नव्हता. पण म्हणून त्याच्या शब्दांचे विष कमी होत नाही. पराभवानंतर इवाते प्रांतात एका झोपडीत तो सात वर्षे राहिला आणि आपल्या चुकीचा हिशेब त्याने १९४७ मध्ये कवितेतूनच चारचौघांत मांडला.

मला सर्वांत अधिक बोचतो तो साइको मानकिची. जपानने अस्पृश्य ठरवलेल्या बुराकू समाजातला हा माणूस. १९२२ मध्ये क्योतो येथे 'सुइहेइशा' ही त्या समाजाची मुक्ती-संघटना स्थापन झाली, तिचा जाहीरनामा त्याने लिहिला. १९२८ मध्ये त्याला अटक झाली आणि तुरुंगात तो सम्राटनिष्ठेकडे वळला. १९४२ मध्ये सुइहेइशाच संपुष्टात आली. त्याचे मतांतर खरे किती आणि लादलेले किती, हे त्याच्या बांधवांनी कसे ओळखावे? त्यांच्यापर्यंत पोचला तो त्याचा बदललेला शब्द.

व्यासपीठावर समता सांगून घरात जात पाळणारे विद्वान आपण पुष्कळ पाहिले. म्हणून आपण नेहमी माणसाचे घर तपासतो. जपान सांगतो की घर स्वच्छ असूनही व्यासपीठ मुके राहू शकते. रोजनिशी इतिहासापुढे साक्ष देते, आणि ती साक्ष मोलाची आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या पोराला आघाडीवर मरायला पाठवले, त्याला ती वाचायला मिळाली नाही. त्याच्या हाती होती ती छापील स्तोत्रे. विचारवंताचा हिशेब मी तिथून सुरू करतो.