पिकअपची जागा

हौसेने इलेक्ट्रिक गिटार बनवून घेणारी तरुण मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. पिकअप नेमका कुठे बसवायचा? त्यांना उत्तर मिलिमीटरमध्ये हवं असतं. मी आधी इतिहास सांगतो. कारण आज जी मापं नियम म्हणून सांगितली जातात, ती कधीतरी कुणाच्या तरी गरजेतून ठरली आहेत.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते. पिकअपला तारेचा फक्त आपल्या डोक्यावरचा तुकडा ‘ऐकू’ येतो. गिटारच्या मानेकडे तार ऐसपैस झुलते, म्हणून तिथला आवाज भरदार आणि मऊ. ब्रिजजवळ ती जेमतेम हलते, म्हणून तिथला आवाज बारीक आणि धारदार.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी मांडीवर ठेवून वाजवायची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार बाजारात आणली. तिचा नालाच्या आकाराच्या चुंबकांचा पिकअप ब्रिजकडे होता. १९३६मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० काढली आणि पिकअप थेट मानेजवळ नेला. जॅझवाल्यांना गोल, मऊ आवाज हवा होता. १९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनकडे दाखल झाला आणि पितळी वाद्यांच्या गर्दीतही गिटारचा एकेक स्वर वेगळा ऐकू येऊ लागला. १९४२मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. तो पिकअप आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५०मध्ये त्याने भरीव लाकडाची गिटार विकायला काढली. तिचा ब्रिजकडचा पिकअप त्याने तिरका बसवला. बारीक तारांच्या बाजूने तो ब्रिजच्या जवळ, जाड तारांच्या बाजूने थोडा लांब. पुढे डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने १९५४च्या घडणीची, तीन पिकअपची उजवी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली. तिरकस उलटला, जाड तारा ब्रिजकडून ऐकू येऊ लागल्या आणि तोही आवाज लोकांनी डोक्यावर घेतला.

आता एक लाडका दावा पाहू. मानेकडचा पिकअप चोविसाव्या फ्रेटच्या जागीच हवा, असं सांगतात. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर ही जागा ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाव लांबीवर येते. मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर तिथे स्थिर असतो, म्हणून पिकअपला तो ऐकूच येत नाही. हे खरं आहे. पण तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवा. तार ५४५ मिलिमीटरची होते आणि तो स्थिर बिंदू १३६वर सरकतो. पिकअप मात्र तिथेच राहतो. प्रत्येक बोटागणिक हिशोब बदलतो. म्हणजे सगळ्या स्वरांसाठी एकच बरोबर जागा नसतेच.

मिरजेच्या तंबोऱ्यांविषयी जिव्हाळा असणाऱ्यांना हे लवकर कळेल. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे तंतुवाद्यांचा धंदा उभा केला. तंबोरा जुळवताना तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर पुढे-मागे करतात. आवाज फुलला की थांबतात. तिथे माप नाही, कान आहे.

फरक एवढाच की दोरा सरकवता येतो, लाकडात कोरलेली खाच सरकवता येत नाही. १९७०च्या दशकात गिब्सनने ‘ग्रॅबर’ ही बेस गिटार काढली, तिचा पिकअप हाताने सरकवता येई. म्हणून माझा सल्ला असा. लाकडाच्या एखाद्या स्वस्त फळीवर मान, ब्रिज आणि तारा चढवा. तारांखाली लांब खाच ठेवा आणि पिकअप त्यात सरकवत तुम्ही रोज जे वाजवता तेच वाजवा. जिथे हात आपोआप थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करा. चांगल्या लाकडाला पटाशी त्यानंतर लावा.