संघकम्म आणि विद्यार्थ्यांची अभ्यासमंडळे : नियमांचा एक विस्मृत वारसा

गोंदिया जिल्ह्यातील विहारांतून आणि महाविद्यालयांतून धम्माचा व पाली भाषेचा अभ्यास करण्यासाठी विद्यार्थ्यांची मंडळे स्थापन होतात. कोठे त्यांना वाङ्मय मंडळ म्हणतात, कोठे धम्म अभ्यासवर्ग. त्यांचा आरंभ उत्साहाने होतो. परंतु ज्या विद्यार्थ्याने मंडळ उभे केले तो पदवी घेऊन बाहेर पडला की पुष्कळदा मंडळही त्याच्याबरोबर संपते. कोठे दोन गट पडतात, कोठे जमाखर्चावरून वाद होतो, कोठे एकच व्यक्ती वर्षानुवर्षे अध्यक्ष राहते. याचे कारण विद्यार्थ्यांची अनास्था होय, असे सर्रास म्हटले जाते. आमच्या मते खरे कारण नियमांचा अभाव हे आहे. नियम म्हणजे कचेरीतील कागद, आणि धम्म म्हणजे अंतःकरणाचा विषय, अशी एक समजूत आपल्यात रूढ झाली आहे. बौद्ध इतिहासाला ही समजूत मान्य नाही. ज्या परंपरेने नियमांसाठी एक संपूर्ण पिटक राखून ठेवले, त्या परंपरेच्या अनुयायांनी नियमांना दुय्यम मानावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

अभ्यासासाठी समूह बांधण्याचा एक प्राचीन नमुना विनयपिटकातील दब्ब मल्लपुत्ताच्या कथेत आढळतो. वयाच्या सातव्या वर्षी अर्हत्पद प्राप्त केलेल्या या मल्लपुत्राने राजगृह येथे संघाची सेवा करण्याची इच्छा व्यक्त केली. संघाने रीतसर प्रस्ताव मांडून त्याची निवासव्यवस्था व भोजनव्यवस्था पाहण्यासाठी नेमणूक केली. दब्बाने निवासांचे वाटप ज्येष्ठतेनुसार किंवा ओळखीनुसार केले नाही. ते अभ्यासविषयानुसार केले. सुत्तांचे पठण करणाऱ्यांना एकत्र ठेवले, म्हणजे ते परस्परांत पाठ घोकतील. विनयधरांना एकत्र ठेवले, म्हणजे ते विनयाचा निर्णय करतील. धम्मकथिकांना एकत्र ठेवले, म्हणजे ते धम्माची चर्चा करतील. ध्यान करणाऱ्यांना एकत्र ठेवले, म्हणजे एकमेकांस उपद्रव होणार नाही. इतकेच नव्हे, तर वायफळ गप्पांत रमणाऱ्यांचीही त्याने एकत्र सोय लावली! विषयवार अभ्यासमंडळाची कल्पना यात स्पष्ट दिसते.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. ज्यांच्या वाट्याला हलके निवास व हलके भोजन आले, त्या मेत्तिय-भूम्मजक भिक्खूंनी दब्बाविरुद्ध खोटा आरोप रचला. संघाने कुजबुजीवर विश्वास ठेवला नाही. दब्बाला सर्वांसमक्ष विचारण्यात आले, आरोप खोटा ठरला, आणि सतिविनय नावाच्या पद्धतीने त्याचे निर्दोषत्व संघाने जाहीर केले. पदाधिकाऱ्याची निवड जशी संघासमोर, तशीच त्याच्यावरील आरोपाची चौकशीही संघासमोर, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले. विनयात यालाच सम्मुखाविनयाची जोड आहे : संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती यांच्या उपस्थितीशिवाय वादाचा निर्णय करू नये.

आता संघकम्माची कार्यपद्धती पाहू. कोणताही निर्णय घेताना प्रथम ञत्ति, म्हणजे प्रस्ताव मांडला जाई. सामान्य कार्यासाठी त्यानंतर एकदा अनुस्सावन, म्हणजे प्रस्तावाचे जाहीर कथन होई. यास ञत्तिदुतियकम्म म्हणत. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कार्यासाठी हे कथन तीनदा होई. ते ञत्तिचतुत्थकम्म होय. ज्यास प्रस्ताव मान्य असेल त्याने मौन धरावे, अमान्य असेल त्याने बोलावे, अशी रीत होती. आजारी भिक्खूला आपला छन्द, म्हणजे संमती, दुसऱ्यामार्फत कळविता येई. अपुऱ्या संघाने केलेले कार्य अवैध ठरे. एकदा संमती देऊन नंतर तक्रार करणे, चर्चा चालू असता संमती न देता उठून जाणे, आणि रीतसर मिटलेला वाद पुन्हा उकरून काढणे, हे तिन्ही पाचित्तिय दोष मानले आहेत. आजच्या कोणत्याही मंडळाच्या सभेस हे तीन दोष अपरिचित आहेत, असे कोण म्हणेल?

गणसंख्येचा नियम तर विशेष मननीय आहे. मध्यदेशात उपसंपदेसाठी दहा भिक्खूंची आवश्यकता होती. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे. तेथील सोण कुटिकण्ण याच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमविण्यास महाकच्चान थेरांना तीन वर्षे लागली. पुढे सोणाच्या द्वारे ही अडचण भगवंतांच्या कानी घालण्यात आली, तेव्हा त्यांनी सीमेवरील जनपदांसाठी ही संख्या पाचांवर आणली. मात्र त्या पाचांत एक विनयधर असलाच पाहिजे, अशी अट घातली. स्थळकाळानुसार संख्या शिथिल झाली. गुणवत्ता शिथिल झाली नाही. ज्या खेड्यातील विहारात आठ-दहाच विद्यार्थी जमतात, त्या मंडळास या निर्णयात मोठा आधार आहे.

अभ्यासाच्या सभेतील शिस्तीचा आदर्श म्हणून पहिल्या संगीतीकडे बोट दाखविता येईल. महाकस्सप थेर त्या सभेचे प्रमुख. तरीही उपालीला विनयाविषयी प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांनी संघाची अनुमती मागितली. उपालीनेही उत्तर देण्यापूर्वी संघाची अनुमती घेतली. प्रश्न विचारणे हा ज्येष्ठाचा मक्ता नाही आणि उत्तर देणे ही कनिष्ठाची ताबेदारी नाही. दोन्ही कार्ये सभेची आहेत, हा त्याचा अर्थ. पुढे वैशालीच्या संगीतीत वज्जिपुत्तकांच्या दहा वत्थूंवर चर्चा भरकटू लागली, तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ थेरांची उब्बाहिका, म्हणजे समिती, नेमण्यात आली. आणि आसनांच्या व्यवस्थेसाठी अजित नावाच्या भिक्खूची स्वतंत्र नेमणूक झाली.

विहारांची महाविहारे झाली, महाविहारांची विद्यापीठे झाली, तरी ही परंपरा टिकून राहिली. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी भिक्खू इत्सिंग नालंदा येथे राहिला. तेव्हा तेथे तीन हजारांहून अधिक भिक्खू होते. काही कार्य निघाल्यास विहारपाल प्रत्येक भिक्खूकडे जाऊन हात जोडून ते निवेदन करी; एकाचाही विरोध असल्यास कार्य पुढे जात नसे; मतभेद असल्यास युक्तिवादाने समजूत घालीत, बळजबरी करीत नसत, अशी त्याची नोंद आहे. ताम्रलिप्ती येथील विहाराबद्दल त्याने लिहिलेली हकीकत तर मार्मिक आहे. जो भिक्खू संघाचे मत न घेता स्वतःच्या मर्जीने निर्णय करी, त्यास तेथे ‘कुलपती’ म्हणून हिणवीत व विहारातून घालवून देत. कुलपती म्हणजे घरधन्यासारखा वागणारा. आज महाराष्ट्रात विद्यापीठाच्या सर्वोच्च पदास जो शब्द आहे, तो एके काळी विद्येच्या ठिकाणी निंदाव्यंजक होता!

नालंदेचा हा वारसा आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगाव येथे १९७२ साली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत स्थापन झाली. नालंदेच्या आचार्यांचे ग्रंथ ज्यांनी जतन केले, त्या तिबेटी परंपरेत वादविद्येला अभ्यासक्रमाचे स्थान आहे. कर्नाटकात पुन्हा उभारलेल्या सेरा, द्रेपुंग व गांदेन या महाविहारांत ती आजही शिकविली जाते. तेथे प्रश्नकर्ता उभा असतो व टाळी वाजवून प्रश्न करतो, उत्तर देणारा बसलेला असतो. उत्तरे ठरलेली : मान्य आहे, हेतू सिद्ध होत नाही, व्याप्ती नाही. ‘मी सांगतो म्हणून’ हे उत्तर त्या यादीत नाही.

आधुनिक काळात हा धागा पुन्हा हाती घेतला तो परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव इत्यादी संसदीय नियम बौद्ध संघास परिचित होते, याचे स्मरण दिले. त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजा अधःपतनाकडे नेते, असा इशाराही दिला. पुढे दोनच महिन्यांच्या आत, जानेवारी १९५० मध्ये, त्यांनी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या ‘पार्लमेंट’पुढे हिंदू संहिता विधेयकावर भाषण केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ सालची, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ सालचे. देशाच्या कायदेमंडळात ज्या विधेयकावर वादळ उठले होते, तेच विद्यार्थ्यांच्या सभेपुढे मांडावेसे त्यांना वाटले, यात सर्व आले.

येथे एका गोष्टीचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. संघाचे मतदान म्हणजे आजचे मतदान, असे समीकरण मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. येभुय्यसिका, म्हणजे बहुमताचा निर्णय, हा वाद मिटविण्याच्या सात उपायांपैकी एक होता. रंगीत शलाका वाटून गुप्तपणे मत घेत. परंतु अधम्मवाद्यांची संख्या जास्त आढळल्यास शलाका बरोबर घेतल्या गेल्या नाहीत, असे सांगून शलाकागाहापकाने त्या परत घ्याव्यात, असे चुल्लवग्गात म्हटले आहे. क्षुल्लक बाबीवर किंवा संघ फुटण्याचा संभव असता मतदान घेऊ नये, असेही तेथे सांगितले आहे. धम्म हा मतसंख्येवर ठरत नाही, ही त्यामागील दृष्टी.

हा अधिकार आज कोणत्याही मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती देता येणार नाही. दिला तर तो ‘कुलपती’च होईल. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातच होता. त्या निकालाने त्यांचे विचार खोटे ठरले नाहीत, आणि विचार खरे होते म्हणून मोजलेली मते परत घेता आली नसती. यातून अभ्यासमंडळाने एक भेद शिकावा. व्याख्यानाचा विषय, वर्गणी, खर्च, पदाधिकारी हे मतांनी ठरावेत. सुत्ताचा अर्थ, शिलालेखाचे वाचन, एखाद्या घटनेची सत्यता हे पुराव्याने ठरावे. पहिल्या बाबतीत ज्येष्ठाचे वजन नको, दुसऱ्या बाबतीत बहुमताचे.

या विवेचनावरून मंडळांसाठी काही नियम सहज निष्पन्न होतात. गणसंख्या स्थळानुसार ठरवावी, परंतु विषय जाणणारी एक तरी व्यक्ती सभेत असावी. प्रस्ताव आगाऊ कळवावा आणि सभेत स्पष्टपणे वाचावा. शलाकागाहापकासाठी विनयाने सांगितलेली पात्रता प्रत्येक पदाधिकाऱ्यास लावावी : पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींना न जाणारा, आणि काय घेतले व काय घेतले नाही हे जाणणारा. पदाची मुदत ठरलेली असावी, दप्तर व जमाखर्च मंडळाच्या जागी असावा. आरोप समक्ष ऐकावा. मिटलेला विषय नवीन पुराव्याशिवाय पुन्हा काढू नये, पण विरोधी मत नोंदवून ठेवावे.

मौनाविषयी मात्र अधिक सावध राहिले पाहिजे. संघात मौन ही संमती होती, कारण बोलण्याचा अधिकार प्रत्येकास निश्चित ठाऊक होता. आपल्या मंडळात प्रथम वर्षाची विद्यार्थिनी गप्प राहते, तेव्हा ती संमत असतेच असे नाही. पुष्कळदा तिला कोणी विचारलेलेच नसते. येथे नालंदेच्या विहारपालाचे अनुकरण करावे. प्रत्येकाकडे, प्रत्येकीकडे जावे आणि विचारावे. शतकानुशतके ज्यांना कोणत्याही सभेने विचारले नाही, त्या समाजाच्या मुलामुलींनी चालविलेल्या सभेत तरी न विचारलेला कोणी राहू नये.