एका थेंबाचा रंग

श्रोतेहो, मी कवी आहे, डॉक्टर नव्हे. पण आज ज्या इंग्रज कवीविषयी बोलणार आहे, तो वैद्यकही शिकलेला होता. जॉन कीट्सने लंडनच्या गायज् इस्पितळात धडे घेतले आणि १८१६ साली औषधोपचाराचा परवाना मिळवला. १८१८ मध्ये धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा जॉननेच केली होती.

३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री कीट्स कडाक्याच्या थंडीत, घोडागाडीच्या टपावर बसून घरी परतला. अंगात ताप होता. अंथरुणावर खोकला आला आणि चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने मित्राकडून मेणबत्ती मागून घेतली, रंग निरखला आणि ओळखले: हे धमनीचे रक्त, आता सुटका नाही.

निदान अचूक होते. उपचार मात्र उलटा झाला. त्याच रात्री शल्यवैद्याला बोलावून त्याचे आणखी रक्त काढण्यात आले! तेव्हा वैद्यकाची रीतच ती होती. पुढे रोममध्येही रक्त काढले गेले, आहारही उपासमार होईल इतका तोडला. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो गेला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. घरी राहून औषधे घेतली तरी रुग्ण बरा होतो, हे १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले.

खोकल्यातून रक्त येण्याची कारणे अनेक. क्षयाने फुफ्फुसात पोकळी पडते, तिथली रक्तवाहिनी झिजून फुटते. क्षय बरा झाल्यावरही जुन्या पोकळीत बुरशी वाढू शकते. कधी श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात, कधी कर्करोग असतो. रक्त फार आले तर पहिला धोका गुदमरण्याचा. म्हणून रक्तस्रावाची बाजू ठाऊक असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर निजवतात, म्हणजे दुसरे फुफ्फुस मोकळे राहते. बारीक नळी घालून रक्त सांडणारी धमनी आतूनच बंद करण्याची सोयही आज आहे.

आमच्या मोहल्ल्यात या दुखण्याला ‘दिक’ म्हणत, तेही कुजबुजत. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आया रक्ताचे रुमाल गुपचूप धुऊन टाकत. कीट्सने मेणबत्ती मागवून तो थेंब पाहिला, पण त्याच्या काळाकडे औषध नव्हते. आपल्याकडे औषध आहे. मग रुमाल कशाला लपवायचा?